प्याला भिडवताना

दिग्दर्शक ओताकार आणि यार्मिलाचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यानं आपल्या सिनेमात सोडलेल्या बायकोचं काम तिलाच दिलं. नवऱ्याचं स्वतःकडे ठेवलं. प्रसंग होता नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या मेजवानीचा. “भरला प्याला माझ्या तोंडावर फेक,” ओताकार म्हणाला. “फेकाफेकी कुणालाही जमते रे,” ती हसली आणि मला म्हणाली, “कर कॅमेरा चालू.” जर्दाळूच्या दारूचा प्याला घेऊन ती टेबलाभोवती फिरली. आमच्या मोराव्हियातल्या रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत तिनं प्याला भिडवला, नवरीशीसुद्धा. ओताकारशी भिडवताना मात्र तिनं नजर उचललीच नाही. काय बाई होती! एवढा अपमान थोबाडीत मारूनही झाला नसता. “यार्मिला, बघ ना एकदा,” तो पुटपुटला. हे वाक्य संहितेत नव्हतं. ‘कट’ त्यानंच म्हणायचं होतं. रीळ संपलं तरी तो म्हणाला नाही.