वासापुरतं तूप

"पैलवानाचं तूप बंद?" आबा खुर्चीतून उठलेच.

"बसा आबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगातली चरबी म्हणजे सरपण समजा. ते चुलीपर्यंत पोचवायचं काम कार्निटीन नावाचं अंगातलंच एक द्रव्य करतं. तुमच्या धैर्यशीलच्या अंगात ती वाट जन्मापासूनच अडलेली आहे. थोडी मेहनत साखरेवर निभावते. कुस्ती लांबली की चरबी लागते, ती पोचत नाही, मग स्नायूच तुटायला लागतात. लघवी लाल होते ती त्यामुळंच. भात-भाकरी भरपूर द्या. तूप नको, उपास नको, आणि तालीम तर नकोच."

"मग औषध?"

"हेच."

आबांचा सगळा जन्म तालमीत गेलेला. पोरगं दमतंय असं दिसलं की त्यांना दोनच उपाय ठाऊक होते, जोर वाढवायचे आणि तूप वाढवायचं. पोरासाठी म्हणून त्यांनी म्हैस घेतली होती. तिचं तूप ते रोज स्वतःच्या हातानं वाढायचे. धैर्यशीलच्या आईलासुद्धा बरणीला हात लावू द्यायचे नाहीत.

घरी आल्यावर बापलेक जेवायला बसले. आबांनी सवयीनं चमचाभर गरम तूप घेतलं, पोराच्या भातावर नेलं आणि तिथंच भानावर आले.

धैर्यशीलनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. मग हळूच ताट पुढं सरकवलं.

"घाला आबा. वासापुरतं."

चमच्यातलं तूप थिजलं, तरी आबांना हात मागं घेता येईना, आणि त्याला ताट.