पाव इंच

"अजून पाव इंच," गिऱ्हाईक म्हणालं, आणि टेलरमास्तरांनी पुन्हा गुडघे टेकले.

पँटची लांबी बघायची तर गुडघे टेकावेच लागतात. पण या माणसापुढे मास्तर वर्षभर टेकूनच होते. हीच पँट गेल्या आठवड्यात त्याने पाव इंच आखूड करून घेतली होती. आज ती पाव इंच लांब हवी होती, म्हणजे आधी होती तेवढीच. हे त्याला सांगायची सोय नव्हती. तो आरशात डावीकडून बघत होता, उजवीकडून बघत होता, खुर्चीवर बसून, उठून, दारापर्यंत चालून बघत होता. बाकावर थांबलेल्या शाळेच्या बाईंनी शेवटी आपलं कापड पिशवीत घातलं. "येते नंतर," म्हणाल्या आणि गेल्या. असं म्हणून गेलेलं माणूस काही परत येत नाही, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

माणूस कपडे बदलायला आडोशाला गेला, तशी मास्तरांची बायको पडदा सारून बाहेर आली. कापणं आणि मशीन मास्तरांचं, पण काज, बटण, हातशिलाई सगळी तिची. कपड्याला रूप यायचं ते तिच्या हाताने, हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. या माणसाच्या शर्टांची बटणं काढून लावून तिची बोटं सोलवटली होती. त्याचं 'पावइंच' हे नावही तिनेच ठेवलेलं.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "आज त्याला नाही म्हणा. त्याचा कपडा पुन्हा या टेबलावर आला, तर मी समोर कामाला जाईन. भावजी कधीचे विचारतायत."

भावजी म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानाचे टेलर. ती गंमत करत नव्हती. गंमत करताना ती बोटातलं लोखंडी अंगुस्तान काढून ठेवायची, आज ते बोटातच होतं.

ती गेली तर दुकानाला आरसा आणि मशीन एवढंच उरणार. पण पावइंचाला सोडायचं म्हटलं की जीव तुटायचा, कारण तो मुळात समोरच्याचं गिऱ्हाईक होता. वर्षापूर्वी एका दुपारी तो काखेत कापड घेऊन आपणहून रस्ता ओलांडून आला होता. समोरच्याचं गिऱ्हाईक मास्तरांकडे येण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी समोरच्याने भर दुपारी शटर ओढून घेतलं. बिचाऱ्याने फारच मनाला लावून घेतलं, असं मास्तरांना वाटलं. संध्याकाळी तो स्वतः चहाची किटली घेऊन आला, मास्तरांची पाठ थोपटली आणि गेला. हरावं तर असं हरावं, मास्तर तेव्हा बायकोला म्हणाले होते. आता पावइंचाला घालवायचं म्हणजे जिंकलेली ढाल आपल्या हाताने परत करायची.

त्यातून 'नाही' हा शब्द मास्तरांच्या तोंडातून कधी निघालाच नव्हता. पण गोड बोलून वाट दाखवता येते, हे त्यांना एकदम सुचलं. पावइंच पँट हातावर टाकून बाहेर आला, तसे मास्तर हात जोडून उभे राहिले.

"साहेब, खरं सांगू? तुमची नजर फार बारीक आहे. माझा हात तिला पुरा पडत नाही. तुम्ही समोरच्या मास्तरांकडे जा. तुमची कदर करील असा माणूस या रस्त्यावर तो एकच."

काय बोललो, असं मास्तरांना वाटलं. स्वतःचीच पाठ थोपटावी इतके ते खूश झाले. बायकोनेही मान डोलावली आणि आत गेली.

पावइंच रागावला नाही. उलट त्याने मास्तरांचे जोडलेले हात हातात घेतले.

"काय मोठी मनं आहेत हो तुमची," तो म्हणाला. "मला तुमच्याकडे पाठवताना समोरच्यांनीही अगदी हेच सांगितलं होतं. शब्दन् शब्द."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे आधी ते भर दुपारचं शटर आलं. मग तो चहा आला. मग ती पाठीवरची थाप. वर्षभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, ती समोरच्याने आपल्या गळ्यात मारली होती, हे कळून त्यांचे कान तापले.

पावइंच पायरी उतरू लागला. समोरच्या दुकानात काचेआड काहीतरी हललं. पुढच्याच क्षणी तिथलं शटर खडखडत खाली आलं, ते थेट जमिनीला टेकलं.

"बंद केलं वाटतं," पावइंच म्हणाला. तो परत फिरला आणि त्याने पँट मास्तरांच्या टेबलावर ठेवली. "जाऊ दे, तुम्हीच करा. घ्या टेप."

नाही म्हणायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मास्तरांनी तोंड उघडलंसुद्धा. पण हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला आणि गुडघे आपोआप वाकले.

पडदा सरकला. बायकोच्या एका हातात तिची कात्री होती, दुसऱ्यात सुयांचा डबा.

"अगं, कुठे निघालीस?"

"भावजींकडे. त्यांना गिऱ्हाईक घालवता येतं."

मास्तर गुडघ्यांवरूनच बघत राहिले. ती शांतपणे रस्ता ओलांडून गेली आणि बंद शटरवर तिने अंगुस्तानाने टकटक केलं. शटर वर गेलं. तिला वाकून आत शिरता येईल एवढंच. त्याहून पाव इंचही जास्त नाही.