कानाच्या उंचीवर

वायरमनने आजींच्या भिंतीवरचा जळलेला प्लग पाहिला आणि त्याला हसूच फुटलं. प्लग थेट त्याच्या कानाच्या उंचीवर. शेजारचाही तिथेच, पलीकडच्या खोलीतलेही तसेच. फ्रिजची वायर निम्मी भिंत चढून गेली होती आणि मोबाइल चार्जिंगला लावता यावा म्हणून आजींनी खाली एक स्टूल ठेवलं होतं.

"आजी, हे काम करणारा शिडीवरून उतरायलाच विसरला वाटतं!"



आपल्याला हसायचा हक्क आहे, असं त्याला वाटत होतं. खोऱ्यात राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात नदीकाठच्या नव्या वसाहतीतल्या शंभरेक घरांचं वायरिंग त्याने उरकलं होतं. तिथे प्लग फरशीपासून वीतभर वर. वायर दिसता कामा नये, अशी सक्त ताकीद. सायकलींना वेगळा रस्ता, होड्यांना धक्का, हवा मोकळी. लोक नुसते लोटत होते. त्याच वसाहतीत अगदी पाण्यालगतच्या रांगेत त्याने स्वतःचंही घर केलं होतं. वडिलांना जिना चढवत नाही, म्हणून त्यांची खाट तळमजल्यावर, नदीकडच्या खिडकीशी. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू वर उचलणारी खाट होती ती. म्हातारा दिवसभर खाली-वर होत नदी बघायचा आणि येईल त्याला ती गंमत दाखवायचा.

"जळलेला तर बदलतोच," तो म्हणाला, "पण सगळेच खाली घेऊन देतो. तुमची ही कसरत तरी संपेल."

"हात लावू नकोस त्यांना." आजींचा आवाज जराही चढला नव्हता, तरी तो थबकला. "आमच्या ह्यांनी मुद्दाम वर घेतलेत ते. याच खोलीत पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं."

"कसलं पाणी?"

"नदीचं. आणखी कसलं?"

"कधी?"

"दोनदा."

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर उगाचच पुसला. "आणि आता वसाहत झालीय, तिथे?"

"ते आमचं कुरण. गुरं चरायला सोडायचो. गोठासुद्धा नाही बांधला कधी कुणी तिथे."

"पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आजी."

"विचारलंत कुणाला?"

त्याने जळलेला प्लग बदलला, होता तिथेच. निघताना आजींच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या मोजल्या. सात. रोज या रस्त्याने घरी जाताना सायकलला एकदाही पायडल मारावं लागत नसे. किती मजेचा उतार, असं तो बायकोला कौतुकाने सांगायचा. आज तो दोन्ही ब्रेक दाबून उतरला, तरी सायकल धावतच राहिली.

"आज लवकर कसे?" बायकोने विचारलं. तो सरळ वडिलांच्या खोलीत गेला. खाटेशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि कानापाशी पेन्सिलीने रेघ मारली. वळून रेघेकडे पाहिलं. मग त्याला सात पायऱ्या आठवल्या. तो स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आला, त्यावर चढला, हात उंच केला आणि दुसरी रेघ मारली. ती छतापासून हातभर खाली होती, आणि रस्त्याचा उतार अजून धरलाच नव्हता.

वडील कौतुकाने बघत होते. "तुझी उंची मी अशीच मोजायचो भिंतीवर. आता कुणाची मोजतोयस रे?"

तो स्टुलावरच उभा राहिला.

"माझी मोज," म्हाताऱ्याला खेळ सुचला होता. त्यांनी बटण दाबलं. घूं घूं करत खाट उचलली जाऊ लागली, पार वर आली आणि थांबली. वडिलांनी मान ताठ केली, हनुवटी उचलली.

"बघ, पोचलो का?"