बाबांना फुटलेला शब्द

लेकीनं वाचा-उपचाराच्या पदवीला नाव घातलं, तेव्हा बाबा एकदाच बोलले होते, "लोकांना बोलायला शिकवून पोट भरतं का कुणाचं?" मग पुन्हा गप्प. घरात त्यांचा कारभारच तसा. भुवई उडवली की पाणी, हात पुढे केला की चष्मा. आई तर भुवई उडायच्या आधीच धावायची.

कॉलेजच्या उपचार-केंद्रात लेक न बोलणाऱ्या लहान पोरांसमोर साबणाचे फुगे उडवायची आणि मध्येच थांबायची. पोरगं "आणखी" म्हणेपर्यंत ती ढिम्म हलायची नाही. शब्द फुटला की टाळ्या आणि पुन्हा फुगे, हा तिथला नियम.

शेवटच्या परीक्षेचा निकाल लागायच्या आत दोन-दोन दवाखान्यांनी तिला नोकरी देऊ केली. मिठाईचा डबा घेऊन ती उड्या मारतच घरी आली. बाबांनी सवयीनं हात पुढे केला.

लेकीनं डबा छातीशी धरला. आई मध्ये पडायला आली, तर तिलाही डोळ्यांनीच दटावलं. बाबांनी भुवई उडवली, खाकरले, डब्याकडे बोट दाखवलं. लेक ढिम्म. बाबांचे कान लाल झाले, मिशी थरथरली, आणि अखेर शब्द फुटला, "शाबास, पोरी!"

लेकीचं भानच हरपलं. टाळ्या पिटत तिनं पर्समधली साबणपाण्याची बाटली काढली आणि बाबांच्या नाकासमोर फुगेच फुगे उडवले.



शेवटचा फुगा फुटेपर्यंत बाबा टकामका बघत राहिले. मग आईकडे चोरून पाहत हळूच म्हणाले, "आणखी."