गॅरेजमधला ग्रीक दगड

"खोटाच आहे," तिसऱ्या तज्ज्ञानंही सांगितलं आणि चहासुद्धा न घेता तो शिकागोला परतला.

देवदत्त काकांनी ऐन उमेदीत एका लिलावात हा संगमरवरी दगड घेतला होता. अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कुणा ग्रीक बापानं लेकीच्या थडग्यावर लावलेला, असं विकणारा म्हणाला होता. मजकूर ग्रीक, पण सुरुवात पाताळातल्या देवांना वाहून, आणि मुलीचं वय वर्षं, महिने, दिवस असं मोजून दिलेलं. ही तर रोमनांची, लॅटिन लेखांची रीत. नक्कल करणाऱ्याची इथंच फजिती झाली, असं तज्ज्ञांचं मत.

नेपरव्हिलच्या मराठी मंडळात काकांचं नाव 'दगडू डॉक्टर' पडलं होतं. निदान बागेत तरी मांडू या, असं शैला काकू म्हणायच्या. "थडगं आहे ते, शो-पीस नव्हे," एवढंच काका म्हणायचे आणि दगड गॅरेजमध्येच राहायचा.

२००६च्या हिवाळ्यात काकांनी चारुताला गाठलं. मंडळातल्याच राजेशची ही बायको विद्यापीठात प्राचीन ग्रीक शिकवायची. लेख वाचून तिला हसूच आलं.

"काका, आपल्या लग्नपत्रिका बघा ना. वर श्रीगणेशाय नमः, खाली आरएसव्हीपी. म्हणून लग्न काय फेक असतं? रोमन राज्यात ग्रीकांनी तेच केलं."

पण बोलणं सोपं, सिद्ध करणं अवघड. बर्फ वितळेपर्यंत ती उत्खननांचे जुने अहवाल उपसत बसली. काका रोज फोन करून तिचं डोकं खायचे. एवढी कसली घाई, असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाले, माझं वय झालं, बाई.

अखेर घबाड सापडलं. अनातोलियातल्या एका खेड्यात असाच दुसरा दगड अजून उभा होता. तोच बाप, तोच कारागिराचा हात, तीच रोमन रीत. तो मुलीच्या आईचा होता. तिन्ही तज्ज्ञांनी निमूटपणे शब्द मागे घेतले.

चारुताला आनंदानं रडू फुटलं. मंडळानं श्रीखंड-पुरीचा बेत केला. ज्यांनी 'दगडू' नाव ठेवलं, तेच काकांना शाल घालायला पुढे. एका संग्रहालयानं काकांच्या नावाची पाटी लावून दगड दर्शनी दालनात मांडायची तयारी दाखवली. काका लहान मुलासारखे खुलले होते. काय ठरवलंत, असं सगळे विचारत होते. शनिवारी घरी या, कळेल, असं ते सांगत होते.

शनिवारी ड्राइव्हवेत ट्रक उभा राहिला. संग्रहालयाचाच असणार, असं म्हणत सगळे पुढे सरसावले. ट्रकमागच्या गाडीतून सुटातले एक गृहस्थ उतरले. ते तुर्की कॉन्सुलेटमधून आले आहेत, अशी काकांनी ओळख करून दिली आणि त्यांचा हात हातात धरला.

"वीस वर्षांपूर्वी मी हा परत द्यायला आलो होतो, तेव्हा खोटा म्हणून तुम्ही घेतला नाहीत," काका म्हणाले. "आता तरी या लेकीला तिच्या आईजवळ पोचवा."