रोकुंगीची मूठ

रोकुंगीचं दार आलं तशी झामीने पावलं उचलली आणि रुआतीचा दंड धरून तिला पुढे ओढलं. शनिवारची दुपार होती. दोघी घरोघरचे चर्चचे तांदूळ गोळा करत निघाल्या होत्या. रुआती गावात नवी सून, तिला काही कळेना.

"मावशी, हे घर राहिलं की."

"चल गं गुपचूप. गुडघ्यांमुळे तिला उठवत नाही. महिना झाला, दोन्ही वेळचं मीच नेऊन देते. स्वयंपाकच नाही तर मूठ कुठून काढणार? उगाच दार वाजवून तिला ओशाळं कशाला करायचं?"

आमच्याकडे भाताला तांदूळ घेतले की आधी त्यातली एक मूठ चर्चच्या डब्यात पडते, मगच भांडं चुलीवर चढतं. हे तांदूळ विकून आलेल्या पैशावरच आमची मिशनची माणसं दूरदूरच्या गावांत प्रचाराला राहतात. घरात किती का ओढाताण असेना, मूठ चुकवली असं कुठल्या बाईने म्हणवून घेतलेलं नाही.

"झामे!" खिडकीतून हाक आली. "माझं घर काय दरीत घसरलं? का मी मेले आणि मलाच सांगायचं राहिलं?"

झामी रुआतीला घेऊन मागे फिरली. रोकुंगी चुलीपाशी बसली होती. चहापुरता विस्तव होता. चुलीवर हाताशी टांगलेल्या बांबूच्या फळीवरून तिने बसल्या बसल्याच डबा ओढून काढला आणि रुआतीपुढे धरला. "घे पोरी, पिशवी उघड."

रुआतीने झाकण काढलं आणि ती थबकली. आत वाळून खडखडीत झालेली, धुराने पिवळी पडलेली शितं होती.

"पी, हा तर भात आहे!" थोरल्या बायांना आम्ही पी म्हणतो.

"मग? झामी मला भातच देते ना! घास घ्यायच्या आधी मूठ काढते आणि वर वाळत घालते. तांदूळ नाहीत म्हणून काय झालं?"

झामीने डब्यात पाहिलं. मग रोकुंगीच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं. महिनाभर झामी देवापुढे रडत होती की ही बया सगळं जेवते तरी वाळत चालली आहे, काय दुखणं लागलं ते तूच बघ.

"अगं बये!" ती कडाडली. "मी तुला पोटापुरतं वाढते आणि तू त्यातलं काढतेस? आणि त्या तांदळातली मूठ मी आधीच काढलेली असते, कळलं?"

"ती तुझी. माझी कुठे आहे?"

झामी पिशवी आवरायला लागली.

"इतकी वर्षं या पिशवीचं एक टोक तू धरलंस, एक मी," रोकुंगी म्हणाली. "आता मी नुसती खायला उरले का गं?"

झामी उठली आणि तरातरा बाहेर गेली. आता हे भांडण निस्तरायचं कुणी, म्हणून रुआती डबा मांडीवर घेऊन कावरीबावरी बसली. तिने दोन शितं तोंडात टाकून पाहिली.

"पी, हे विकलं जायचं नाही. पण सोमवारी माझा दादा मिशनवर निघालाय. तळून त्याच्या शिदोरीत बांधू? वाटेत खाईल."

रोकुंगीचा चेहरा उजळला. "मीठ बेताने घाल हं," ती म्हणाली.

तेवढ्यात झामी धापा टाकत आली. हातात संध्याकाळच्या तांदळाचं भांडं होतं. ते तिने रोकुंगीसमोर आदळलंच.

"आजपासून भात याच चुलीवर शिजणार. आधी तुझी मूठ, मग माझी. काढ."

रोकुंगीने हात घातला. चार दाणे जमिनीवर सांडले, ते रुआतीने टिपले. रोकुंगीने डोळे मिटून मूठ पिशवीत सोडली. पाठोपाठ झामीचीही पडली. झामीने फुंकर घालून विस्तव पेटवला.

रोकुंगीने हात पदराला पुसले आणि भांड्यात डोकावून पाहिलं.

"झामे, आणखी टाक गं थोडे," ती म्हणाली. "महिनाभराची भूक लागली आहे मला."