दोन मीटरचा रॅम्प

“रॅम्प आहे की नाही, एवढंच विचारलंय. चढता येतो का, असं फॉर्ममध्ये कुठं लिहिलंय?” मुख्याध्यापिका सत्यशीलाबाईंनी पेन पुढं सरकवलं. “आहे, असं लिहा आणि सही करा. तपासणीचे साहेब अकराला येताहेत.”

बद्रीनाथ सरांनी पेन उचललं नाही. नारायण पेठेतल्या त्या शाळेत ते नववीला विज्ञान शिकवत, आणि तपासणीचा फॉर्म भरायचं काम यंदा त्यांच्याकडंच होतं. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मान मोडून काम केलेलं, आणि त्यांना कायम करायचा प्रस्ताव बाईंच्याच टेबलावर पडलेला. अशा माणसानं बाईंशी वाद घालू नये, हे परभणीत बसलेल्या त्यांच्या आईलाही कळलं असतं.

पण सकाळीच त्यांनी पूर्णिमाची प्रयोगवही तपासली होती. ‘जवळपासचा एखादा उतार मोजा’ हा गृहपाठ त्यांनीच दिलेला. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या या पोरीनं शाळेचाच रॅम्प मोजला. उंची ऐंशी सेंटिमीटर, लांबी दोन मीटर. ती आणि खुर्ची मिळून साठ किलो. चढायला लागणारं बल, साधारण दोनशे पस्तीस न्यूटन. आणि खाली निष्कर्ष: ‘माझ्या हातांत एवढी ताकद नाही. उतार दहा मीटर लांब केला तर मी एकटी चढेन. पण तिथं संस्थेच्या अध्यक्षांची गाडी उभी असते.’

गणित बिनचूक होतं. सरांनी दहापैकी दहा दिले आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं रोज दोन मैत्रिणी मागून रेटत तिला वर नेत होत्या, आणि आपण शेजारून ‘गुड मॉर्निंग’ म्हणत पुढं जात होतो.

“मी सही करणार नाही, बाई,” ते म्हणाले. “साहेबांना ही वही दाखवणार. रॅम्प वाढवायलाच हवा.”

“दाखवा की. कायम व्हायची तुम्हालाच घाई नाही, तर आम्हाला कसली असणार?”

साहेब आले. चहा झाला. सरांनी वही पुढं केली. साहेबांनी चष्मा लावून पानन् पान वाचलं. बाईंचा चेहरा उतरला.

“वा,” साहेब म्हणाले. “मुलं शाळेच्या रॅम्पवर प्रयोग करतात. असं कुठं बघायला मिळतं हो हल्ली? अभिनंदन, बाई.”

“साहेब, तिला चढता येत नाही, असं लिहिलंय तिनं.”

“तेच म्हणतोय मी. काय जिद्द आहे पोरीची. अहवालात हिचा फोटो हवा. एकटी चढतानाचा.”

आता बोलायचं तरी काय, कप्पाळ? बाई तर लगेच उठल्याच. पाच मिनिटांत अख्खी तपासणी अंगणात आली. मैत्रिणींनी पूर्णिमाला अर्ध्या रॅम्पपर्यंत ढकललं. साहेबांबरोबर आलेला फोटोग्राफर वरच्या टोकाला उभा राहिला आणि म्हणाला, “मुलींनो, बाजूला व्हा. तुम्ही दिसताय.”

मुली शहाण्यासारख्या बाजूला झाल्या. पूर्णिमानं दोन्ही चाकं घट्ट धरली, तरी खुर्ची मागं घसरू लागली. सर धावले आणि त्यांनी खांदा लावून ती थोपवली. पायाखाली फरशी गुळगुळीत.

“झकास,” फोटोग्राफर म्हणाला. “सर, असेच वाकून राहा. अजिबात दिसत नाही तुम्ही.”

“अहो, फोटो नका काढू,” सर खुर्चीमागून कसेबसे म्हणाले.

“सर, आत्ता सोडू नका हं,” पूर्णिमा हळूच म्हणाली. तिला कॅमेऱ्याकडे बघून हसायला सांगितलं होतं.

सरांनी सोडलं नाही.

महिन्याभरानं अहवाल आला. पानभर फोटो, त्यात एकटी पूर्णिमा, आणि त्याखाली साहेबांचा शेरा: ‘विद्यार्थिनी कोणाच्याही मदतीशिवाय चढते. रॅम्प वाढवण्याची आवश्यकता नाही.’